मल्लमोटारींचा छंद

कांहीं छंद डोळ्यांच्या वाटेनें मनांत शिरतात, तर कांहीं कानांच्या वाटेनें. मोटारीचा छंद हा बहुधा कानांचा आहे. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कांठीं ज्यांचें बालपण गेलें, त्यांना हें निराळें सांगावयास नको. सागाच्या दाट रानांत मोटार दृष्टीस पडण्यापूर्वीं किती तरी वेळ तिचा आवाज येत असतो. मुलें खेळ टाकून उभीं राहतात. चढावर इंजिनाचा सूर कसा खालीं आला, उतारावर तो कसा मोकळा झाला, गाडी लांकडानें भरलेली आहे कीं रिकामी परतत आहे, हें सारें तीं नुसत्या कानांनीं ओळखतात. गाडी दिसते ती क्षणभरच. धुरळा खालीं बसतो, मुलें पुन्हां खेळास लागतात. परंतु त्यांतील एखाद्याच्या कानांतून तो सूर जन्मभर जात नाहीं.

अशा मुलास वडील माणसें वेडा म्हणतात. त्यांचेंहि अगदींच चुकतें असें नाहीं. परंतु वेडाला सुद्धां इतिहास असतो, आणि ह्या वेडाचा इतिहास तर मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेंत १९६४ सालापासून सुमारें दहा वर्षें एका विशिष्ट जातीच्या मोटारींचें राज्य होतें. त्यांना तिकडे मसल कार म्हणतात. मराठींत मल्लमोटार म्हटल्यास शोभेल. मध्यम आकाराचें, मध्यम किंमतीचें शरीर आणि त्यांत मोठ्या गाडीचें अतिबलाढ्य इंजिन, एवढीच ह्या मल्लाची कुळकथा. त्या मोटारी बनविणें थांबून अर्धशतक उलटलें, तरी त्यांच्यापायीं वेडी झालेलीं माणसें जगभर आहेत. आणि त्यांतील बहुतेकांचें वेड लहानपणींच लागलेलें आहे. तेव्हां, हें बळ आलें कोठून, त्याची किंमत कोणी भरली, आणि आज त्यांतील काय जपण्याजोगें आहे, ह्या तीन प्रश्नांचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

बलवान मोटारीची हौस प्रथम राजेरजवाड्यांनीं केली, आणि तींत मराठी संस्थानिक मागें नव्हते. कोल्हापुरास दसऱ्याच्या मिरवणुकींत छत्रपतींची जी जुनी मेबॅक मोटार बाहेर निघते, ती पाहण्यासाठीं लोक आजहि दुतर्फा उभे राहतात. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांतील ती जर्मन गाडी आतां मोटार राहिलेली नाहीं. पालखीप्रमाणें ती गांवच्या उत्सवाचें एक अंग झाली आहे.

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची हौस याहून निराळ्या जातीची होती. त्यांचा जन्म १९०८ सालचा. शिक्षण इंग्लंडांत झालें. १९२६ सालीं वडील तुकोजीराव यांनीं गादी सोडल्यावर ते अधिपति झाले आणि १९३० सालीं राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हातीं आले. नव्या काळाच्या नव्या वस्तूंवर त्यांचें मन होतें. माणिकबाग राजवाडा त्यांनीं एकार्ट मुथेसियस नांवाच्या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून अगदीं नव्या पद्धतीनें उभारून घेतला. त्याच दृष्टीनें त्यांनीं एक मोटार करवून घेतली. तिचें यंत्र अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीचें आणि शरीर लंडनच्या गर्नी नटिंग ह्या कारागिरांनीं घडविलेलें. एका रांगेंत आठ सिलिंडर, प्रत्येकास चार झडपा, सुमारें ६·९ लिटरांचें इंजिन आणि त्यांत हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. अशा यंत्राची शक्ति ३२० अश्वशक्ति असल्याचें कंपनी सांगत असे. ह्या प्रचंड लांबीच्या मोटारींत बसावयास जागा मात्र दोघांचीच!

हिंदुस्थानांतील त्या काळच्या रस्त्यांवर ३२० घोड्यांचें काय काम, असा प्रश्न कोणीहि व्यवहारी माणूस विचारील. त्याचें उत्तर व्यवहारांत नाहींच. हौसेचें माप गरजेच्या पायलीनें घेतां येत नाहीं. परंतु ह्या वैभवाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ज्या दोघां बंधूंचें नांव त्या मोटारीस होतें, ते फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग, जर्मनींतून बालपणीं अमेरिकेंत आलेले. फ्रेड यास १९३२ सालीं आपलीच मोटार चालवितांना अपघात झाला आणि त्यांतच त्याचा अंत झाला. १९३७ सालीं कंपनीहि बुडाली. होळकरांची ती मोटार पुढें अमेरिकेंतील संग्राहकांकडे गेली. राजांच्या हौसेनें एकेक अद्वितीय वस्तु निर्माण झाली खरी. पण ती एकाचीच राहिली. तिच्यापासून परंपरा निर्माण झाली नाहीं.

परंपरा निर्माण झाली ती सामान्यांच्या पोरांपासून. हेन्री फोर्ड याच्या कारखान्यानें १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचें इंजिन अगदीं स्वस्त मोटारींत बसविलें. तोंपर्यंत आठ सिलिंडर म्हणजे श्रीमंतांचा मक्ता होता. ह्या इंजिनाची शक्ति अवघी ६५ अश्वशक्ति. परंतु गाडी सुमारें पांचशें डॉलरांत मिळे, आणि कांहीं वर्षांनीं जुन्या बाजारांत ती त्याहूनहि थोड्या पैशांत हातीं येऊं लागली. कॅलिफोर्नियांतील शेतकऱ्यांचीं व कामगारांचीं मुलें अशा जुन्या गाड्या विकत घेत, त्यांचे मडगार्ड व टप काढून टाकीत, इंजिनाचे भाग घांसून, बदलून, पुन्हां जोडीत आणि आटलेल्या तलावांच्या सपाट मैदानांवर शर्यती लावीत. ह्या गाड्यांना हॉट रॉड हें नांव पडलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर यंत्रकामांत तरबेज झालेले हजारों तरुण घरीं परतले, आणि हा खेळ देशभर पसरला.

कारखानदारांचे कान ह्या आवाजाकडे नव्हते असें नाहीं. ओल्ड्समोबाइल कंपनीनें १९४९ सालीं आपल्या हलक्या गाडींत नवें जोरकस इंजिन घातलें; क्रायस्लरनें १९५५ सालीं ३०० अश्वशक्तीची गाडी बाजारांत आणली. परंतु ह्या गाड्या तरुणांच्या खिशाला परवडण्याजोग्या नव्हत्या. ती कोंडी फोडली ती पाँटियाक कंपनीच्या कांहीं तंत्रज्ञांनीं, आणि तीहि थोड्याशा लबाडीनें.

पाँटियाक ही जनरल मोटर्सच्या कुटुंबांतली. त्या कुटुंबाचा दंडक असा होता कीं, मध्यम आकाराच्या मोटारींत ३३० घन इंचांपेक्षां मोठें इंजिन बसवूं नये. जॉन डिलोरियन व त्याचे सहकारी यांनीं ह्या नियमाला एक पळवाट काढली. नवी मोटार म्हणून नव्हे, तर टेंपेस्ट नांवाच्या चालू मोटारीवर 'ग्राहकाची इच्छा असल्यास मिळणारी जादा सामुग्री' म्हणून त्यांनीं ३८९ घन इंचांचें मोठें इंजिन देऊं केलें. अशा रीतीनें १९६४ सालीं जी.टी.ओ. जन्मास आली. तिची साधी आवृत्तीच ३२५ अश्वशक्तीची होती. म्हणजे इंदूरच्या महाराजांनीं जगांतील उत्तम कारागीर गांठून जें बळ मिळविलें, तें अवघ्या तीस वर्षांच्या आंत एखाद्या नोकरदार तरुणाला हप्त्यांनीं मिळूं लागलें! पांच हजार गाड्या खपतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच वर्षीं बत्तीस हजारांहून अधिक खपल्या. त्याच वर्षाच्या १७ एप्रिल रोजीं फोर्डची मस्टँग निघाली, आणि पहिल्या बारा महिन्यांत ती चार लाखांहून अधिक घरीं गेली. मग चढाओढ लागली. शेव्हरोले, डॉज, प्लिमथ, सारेच आखाड्यांत उतरले. १९७० सालीं शेव्हरोलेच्या एका गाडीचें बळ ४५० अश्वशक्तीपर्यंत पोंचलें.

ह्या सर्व काळाचें सार एकाच माणसाच्या आयुष्यांत पहावयाचें असेल, तर तें कॅरल शेल्बी याच्या चरित्रांत पहावें. टेक्सस प्रांतांतील लीझबर्ग ह्या खेड्यांत १९२३ सालीं तो जन्मला. बाप खेड्यापाड्यांतून टपाल वांटणारा. त्याला मोटारींची आवड, आणि ती मुलांत उतरली. परंतु सातव्या वर्षीं पोराच्या हृदयाची झडप सदोष असल्याचें उघडकीस आलें. इतर मुलें उड्या मारीत असतां ह्याला दुपारीं सक्तीनें पडून रहावें लागे. अशा मुलास बाप जवळपासच्या मातीच्या मैदानांवर मोटारींच्या शर्यती पाहण्यास घेऊन जाई. ज्याला स्वतःला धांवण्याची मनाई, त्यानें धांवणाऱ्या यंत्रावर जीव जडवावा, यांत आश्चर्य तें काय? स्वतःच्या छातींतल्या यंत्राचा भरंवसा नाहीं, म्हणून त्यानें बाहेरच्या यंत्रांत बळ शोधलें, असें म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरला तरी एवढें खरें कीं, ह्या छंदाचा आरंभ आणि त्या दुखण्याचा आरंभ एकाच बालपणांतला आहे.

महायुद्धांत शेल्बी वैमानिकांचा शिक्षक होता. युद्धानंतर त्यानें कोंबड्यांचा धंदा काढला. पहिल्या खेपेस चांगला नफा झाला. दुसऱ्या खेपेस रोग पडून कोंबड्या मेल्या आणि त्याचें दिवाळें वाजलें. तीस वर्षांच्या उंबरठ्यावर, १९५२ सालीं, तो शर्यतींत उतरला. एकदां शेतावरून थेट मैदानावर यावें लागल्यामुळें शेतकामाचा पट्टेदार पायजमा अंगांत तसाच ठेवून तो गाडींत बसला, आणि पुढें तोच त्याचा प्रसिद्ध वेष झाला. १९५९ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यानें रॉय साल्व्हाडोरी ह्या जोडीदारासह ॲस्टन मार्टिन मोटारींतून जिंकली. जगांतील अत्यंत कठीण अशी ती शर्यत. परंतु बालपणचें दुखणें आतां पुन्हां डोकें वर काढूं लागलें होतें. १९६० सालीं जिभेखालीं हृदयविकाराची गोळी ठेवून तो शर्यतींत भाग घेत असे. त्या वर्षाच्या अखेरीस त्यानें हें काम सोडलें.

दुसरा एखादा येथेंच थांबला असता. शेल्बीनें चालविणें सोडलें आणि घडविणें आरंभिलें. इंग्लंडांतील ए.सी. नांवाच्या लहानशा कारखान्याची मोटार हलकी व चपळ होती. पण तिला इंजिन पुरविणाऱ्या कंपनीनें तें बनविणें थांबविलें होतें. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीजवळ नवें, आटोपशीर आठ सिलिंडरी इंजिन होतें, परंतु त्याला शोभेलशी शर्यतीची गाडी नव्हती. एकाचा देह आणि दुसऱ्याचा प्राण यांचा ह्यानें मेळ घातला. १९६२ सालीं कोब्रा निर्माण झाली. १९६५ सालीं तिच्या बळावर त्यानें आपल्या वर्गांतील कारखानदारांचें जगज्जेतेपद मिळविलें. तोंपर्यंत तें कोणाहि अमेरिकन कारखान्यास मिळालेलें नव्हतें. त्याच वर्षीं साध्या मस्टँगचें रूपांतर त्यानें ३०६ अश्वशक्तीच्या मल्लमोटारींत केलें. फोर्डचे ल माँ जिंकण्याचे दोन प्रयत्न फसले होते. १९६६ सालीं त्याच ठिकाणीं फोर्डच्या मोटारी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या, आणि त्या यशामागें शेल्बीच्या कारखान्याचे हात होते.

परंतु बळाची किंमत कोठें तरी मोजावीच लागते. ती प्रथम रस्त्यांवर मोजली गेली. १९६६ सालीं अमेरिकेंत रस्त्यांवरील अपघातांत पन्नास हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्या सर्वांचा दोष मल्लमोटारींच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. परंतु कोंवळ्या वयाच्या मुलाच्या हातीं तीनशें घोड्यांचे लगाम, पाय ठेवावयास ब्रेक मात्र जुन्याच बेताचे, हें मिश्रण घातक होतें यांत शंका नाहीं. गाड्या सरळ रेषेंत वाऱ्यासारख्या जात. वळणें आणि थांबणें यांत त्या तितक्याच कच्च्या होत्या. त्याच वर्षीं तिकडे वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. विमा कंपन्यांनीं तरुण चालकांच्या बलवान गाड्यांवर जबर हप्ते बसविले. कित्येकांना गाडीच्या हप्त्यापेक्षां विम्याचाच हप्ता जड होऊं लागला. १९७० सालीं स्वच्छ हवेसंबंधीं कायदा झाला, आणि शिसेमिश्रित पेट्रोलाचे दिवस भरले असें दिसतांच कारखान्यांनीं इंजिनांचा दाब उतरविला. शेवटचा घाव ऑक्टोबर १९७३ मध्यें बसला. अरब राष्ट्रांनीं तेलाची नाकेबंदी केली, आणि ज्या देशांत पेट्रोल पाण्याप्रमाणें वाहत होतें त्या देशांत पंपापुढें मैलमैल रांगा लागल्या. १९७४ हें मूळच्या जी.टी.ओ.चें शेवटचें वर्ष. दहा वर्षांत एक वंश जन्मला, माजला आणि संपला.

हा सारा कोलाहल चालू असतां आपल्याकडे काय होतें? सोलापुरास जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं, जहाजें आणि विमानें यांच्या जोडीनें, मोटारींचा कारखानाहि ह्या देशांत उभारण्याचा ध्यास घेतला होता. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. क्रायस्लर कंपनीशीं करार होऊन १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डी सोटो हीं नांवें त्या काळच्या मुंबईकर मुलांस तोंडपाठ होतीं. पुढें अमेरिकेंतील आखाड्यांत गाजलेल्या मल्लांपैकीं दोघांचीं घराणीं, डॉज आणि प्लिमथ, हीं अशा रीतीनें मराठी मुलुखांत आधींच नांदत होतीं. परंतु मल्ल मात्र आले नाहींत. परकीय चलनाची टंचाई, आयातीवरील बंधनें आणि स्वदेशीं बनविण्याचें धोरण यांमुळें नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनीं १९५४ च्या सुमारास येथून काढतें घेतलें. मग राहिली ती ॲम्बॅसॅडर आणि राहिली ती फियाट. तिकडे ३८९ घन इंचांच्या इंजिनांचें राज्य होतें तेव्हां आपल्याकडील ॲम्बॅसॅडरचें इंजिन १,४८९ घन सेंटिमीटरांचें होतें. म्हणजे चौथाईहूनहि लहान. ज्याला मल्लमोटारीचें वेड लागलें त्या मराठी मुलानें ती पाहिली असेल तर चित्रांत, किंवा फार तर पडद्यावर.

चांद्याच्या मुलाला ह्याची खंत वाटण्याचें कारण नव्हतें. त्याचा मल्ल निराळा होता, आणि तो त्याच्या दारांत येत असे. युद्धासाठीं अमेरिकेंत निर्माण झालेली जीप १९४७ सालापासून महिंद्र कंपनी मुंबईस जुळवूं लागली. युद्धांतील त्या जीपचें बळ तें किती? अवघी साठ अश्वशक्ति. परंतु चारहि चाकांना गति देण्याची तींत सोय असल्यामुळें जेथें मोठमोठ्या मोटारी पाय टाकावयास भीत, तेथें ती निर्धास्त जाई. वैनगंगा आणि वर्धा यांचा संगम होऊन प्राणहिता होते, आणि तिला पूर येतो तेव्हां काठचीं गांवें एकमेकांस परकीं होतात. भामरागडास पर्लकोटेचें पाणी पुलावरून जाऊं लागलें म्हणजे तो सारा मुलूख जगापासून तुटतो. अशा ठिकाणीं बळाची कसोटी ताशीं मैलांनीं लागत नाहीं. चिखलांतून निघून, नाला ओलांडून, आजाऱ्याला दवाखान्यांत वेळेवर पोंचवील ती गाडी बलवान. ३२५ घोड्यांची जी.टी.ओ. आणि साठ घोड्यांची जीप यांची शर्यत पावसाळ्यांत आलापल्लीच्या रानवाटेवर लावली, तर निकाल काय लागेल हें तेथील शेंबडें पोरहि सांगेल. बळ हें नुसतें यंत्रांत नसतें. तें यंत्र आणि जागा यांच्या मेळांत असतें. शेल्बीनें इंग्रजी देह आणि अमेरिकन प्राण एकत्र आणून हीच गोष्ट आपल्या परीनें सिद्ध केली होती.

ह्या जिल्ह्यांत बळाच्या किंमतीचाहि विचार दूर जाऊन करावा लागत नाहीं. मोटार लोखंडाची होते, आणि लोखंड वितळतें कोळशावर. लोहाऱ्याच्या टेकडींतील लोहखनिजाची कीर्ति एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. वरोऱ्यास कोळशाची खाण १८७१ सालीं सुरू होऊन १९०६ सालीं बंद झाली, आणि पुढें इतरत्र अनेक खाणी निघाल्या. १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यांतील सूरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज वाहून नेणारे अवजड ट्रक आज रानांतल्या रस्त्यांवरून जातात. ज्या मुलाला त्या ट्रकांचा आवाज मोहवितो, त्याच मुलाच्या गांवाला त्या रस्त्याची धूळ खावी लागते आणि रस्ता ओलांडतांना जीव मुठींत धरावा लागतो. छंदाला हें विसरतां येणार नाहीं. ताडोबाच्या रानांत, जें १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि त्यांना हळू चालण्याची आज्ञा असते. तेथें वाघाच्या वाटेवर इंजिन बंद करून बसतां येणें हेंच चालकाचें कौशल्य. यंत्र धांवविणें जसें शिकावें लागतें, तसें तें थांबवून गप्प बसणेंहि शिकावें लागतें.

मग मल्लमोटारींच्या ह्या वेडांतून जपण्याजोगें काय उरतें? मोटारी उरतातच, परंतु त्यांच्याहून महत्त्वाची आहे ती त्या जिवंत ठेवण्याची विद्या. पन्नाससाठ वर्षांपूर्वींच्या मोटारीचा भाग बाजारांत मिळत नाहीं. तो लेथवर घडवावा लागतो, कानसीनें घांसावा लागतो, बसतो कीं नाहीं हें बोटांनीं चांचपून पहावें लागतें. कार्ब्युरेटर नीट लागला कीं नाहीं हें कानांनीं ठरवावें लागतें. ही विद्या पुस्तकांत थोडी आणि मिस्त्रीच्या हातांत फार असते. गांवोगांवच्या गॅरेजांतून, तेलकट कपड्यांत, शाळा अर्धवट सोडलेलीं कित्येक मुलें ती आजहि उस्तादाच्या हाताखालीं शिकत असतात. संग्राहकाचें नांव प्रदर्शनांत लागतें. ज्याच्या कानामुळें ती मोटार बोलती झाली त्या मिस्त्रीचें नांव कोठें लागत नाहीं. हा अन्याय दूर झाला पाहिजे.

सरकारनेंहि आतां ह्या जुन्या वाहनांस मान्यता दिली आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, मूळच्या स्वरूपांत राखलेलें, धंद्यासाठीं न वापरलेलें वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येतें. नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुढें नूतनीकरणास ५,००० रुपये पडतात. क्रमांकाच्या पाटीवर व्ही.ए. हीं अक्षरें येतात. अशी मोटार प्रदर्शनासाठीं, अभ्यासासाठीं, जुन्या मोटारींच्या फेरीसाठीं अगर दुरुस्तीसाठीं रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या वापरासाठीं नाहीं. कांहीं हौशी लोकांना हें बंधन जाचक वाटतें. परंतु विचार केला तर ह्यांत शहाणपण आहे. देवघरांतलें जुनें चांदीचें ताट रोजच्या जेवणास कोणी काढीत नाहीं. म्हणून त्याची किंमत कमी होत नाहीं. पूर्वीं बळाचा वापर झाला. आतां बळाची आठवण ठेवावयाची आहे.

शेल्बीची अखेरची हकीकत ह्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या हृदयानें बालपणीं दगा दिला, तें १९९० सालीं अगदींच थकलें, आणि त्याच्या छातींत दुसऱ्या माणसाचें हृदय बसविण्यांत आलें. आयुष्यभर एका गाडीचें इंजिन दुसऱ्या गाडींत बसविणाऱ्या माणसावर हा प्रसंग यावा, ही नियतीची विलक्षण लीलाच म्हटली पाहिजे. १९९६ सालीं मुलानें दिलेलें मूत्रपिंड त्याला बसविण्यांत आलें. दुसऱ्याच्या देणगीवर जगलेल्या ह्या माणसानें हृदयरोगानें पीडलेल्या गरीब मुलांच्या साह्यासाठीं एक निधि स्थापन केला. १० मे २०१२ रोजीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, तो मरण पावला. ज्या मुलाला दुपारीं सक्तीनें निजवून ठेवीत, त्यानें जगांतील अत्यंत वेगवान मोटारी घडविल्या. आणि शेवटीं त्याचें लक्ष गेलें तें पुन्हां तशाच एखाद्या अंथरुणावर पडून राहिलेल्या मुलाकडे.

छंदाची खरी कसोटी हीच असावी. होळकरांच्या मोटारींत दोघांपुरती जागा होती, जी.टी.ओ. हजारों तरुणांच्या दारांत गेली, पण पेट्रोल महागतांच तिचें राज्य संपलें. साठ घोड्यांच्या जीपनें रानांतल्या आजाऱ्याला दवाखाना दाखविला. ह्यांतील प्रत्येकीचा आवाज कोणा ना कोणा मुलाच्या कानांत बसलेला आहे. मुलाचा तो कान बंद करूं नये. त्याला आवाज ऐकूं द्यावा, हातांत पाना द्यावा, आणि त्याबरोबरच रस्त्याच्या कडेनें डोक्यावर मोळी घेऊन चालणारी बाईहि त्याला दाखवावी. यंत्रावर प्रेम करणारा माणूस तिला पाहून आपोआप वेग कमी करील, तर त्याचें वेड सार्थकीं लागलें म्हणावें.